ओठातली चामखीळ, आणि माझे हात बघणाऱ्या डॉक्टर

खालच्या ओठाच्या आत काहीतरी जिभेला लागायला लागलं. टाचणीच्या डोक्याहून जरा मोठं, पांढरट, खरखरीत. दुखत नव्हतं, पण जीभ सारखी तिथेच जायची. दोन महिने कर्करोगाच्या धास्तीने नीट झोपले नाही आणि शेवटी तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या या दवाखान्यात गेले.

आधी खटकलेलं सांगते. स्वागतकक्षातल्या मुलीने भरल्या खोलीत विचारलं, "तोंडात चामखीळ आहे त्या कोण?" सगळ्यांच्या माना वळल्या. उठून निघून जावंसं वाटलं.

गेले नाही हे बरं झालं. डॉक्टरबाईंनी तोंड तपासलं आणि म्हणाल्या, "आता हात दाखवा." उजव्या अंगठ्याच्या नखाला लागून दोन चामखिळी होत्या. वर्षभर होत्या, पण त्यांचा ओठाशी संबंध माझ्या मनातही आला नव्हता. मी नखं खाते हे नखांकडे बघूनच त्यांना कळलं. चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे होते आणि त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातावरच्या चामखिळीत बहुधा २ किंवा ४ क्रमांकाचा असतो. नखं कुरतडताना ओठाला न दिसणारे ओरखडे पडतात आणि तिथून तो आत शिरतो. लागण झाल्यावर चामखीळ दिसायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि मुखमैथुनाबद्दल विचारलं. दात किती वेळा घासता हे ज्या आवाजात विचारलं होतं, अगदी त्याच आवाजात. गुप्तांगावरच्या चामखिळींचे ६ आणि ११ हे प्रकार त्या वाटेने तोंडात येऊ शकतात. घशाच्या कर्करोगाशी मुख्यतः १६ क्रमांकाचा संबंध आहे. हे ऐकलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. माझ्यासारखीला हे कुणीतरी असंच, न लाजवता सांगायला हवं होतं.

चामखीळ काढायला वेळ लागला नाही. बधिर करायचं इंजेक्शन तेवढं झोंबलं. मुळासकट कापली, दोन विरघळणारे टाके घातले आणि तुकडा तपासणीला पाठवला. अहवालात 'व्हेरुका व्हल्गॅरिस', म्हणजे साधी चामखीळ. विषाणूचा क्रमांक या तपासणीत कळत नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

मी लसीबद्दलही विचारलं. लस आधीच आलेली चामखीळ घालवत नाही, आणि नऊ प्रकारांवरच्या लसीत ६, ११, १६, १८ आहेत, पण २ आणि ४ नाहीत. हातावरच्या चामखिळीचं औषध तोंडात चुकूनही लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. त्यातलं आम्ल आतली नाजूक त्वचा भाजतं.

स्वागतकक्षातला प्रकार मी बाईंच्या कानावर घातला. पुढच्या खेपेला मला नावाने हाक आली.

ओठ आता गुळगुळीत आहे. चामखीळ परत येऊ शकते म्हणून अधूनमधून दाखवायला जायचं आहे. अंगठ्यावरची एक त्वचेच्या डॉक्टरांनी गोठवून घालवली. दुसरी अजून आहे, आणि ती जाईपर्यंत मी अंगठ्याला पट्टी लावून ठेवते.