दुसऱ्यांदा सोलापूरला येताना: कुडल, नळदुर्ग की माचणूर?

पहिल्यांदा सोलापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा क्रम ठरलेला असतो. सिद्धेश्वराचे दर्शन घ्यायचे, तळ्याकाठचा भुईकोट किल्ला पाहायचा, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट आणि तुळजापूर करायचे, वेळ उरलाच तर पंढरपूरला जाऊन यायचे आणि निघताना चादरी व शेंगाचटणी घेऊन गाडीत बसायचे. हा क्रम योग्यच आहे, कारण ही ठिकाणे पाहिल्याशिवाय सोलापूर पाहिले असे कोणी म्हणणार नाही. अडचण येते ती दुसऱ्या फेरीला. लग्नकार्यासाठी, कामासाठी किंवा नातलगांकडे पुन्हा आलेल्या माणसाच्या हातात एखादा मोकळा दिवस असतो आणि घरातील प्रत्येकजण पुन्हा तीच नावे सुचवत असतो.

माझी थोरली बहीण आणि भावोजी नागपूरहून दुसऱ्यांदा आले, तेव्हा भाड्याच्या गाडीवाल्याने एका दिवसात सहा ठिकाणे दाखवून आणतो असे सांगितले आणि मी ते मान्य केले. प्रत्येक ठिकाणी तो अर्ध्या तासात हॉर्न वाजवत होता. रात्री ताई दमून बसली आणि म्हणाली, "देवळं पाहिली की नुसता रस्ता पाहिला, हेच मला कळेना." ते वाक्य माझ्या मनाला लागले. त्यानंतर घरी कोणीही दुसऱ्यांदा आले की मी एका दिवसासाठी एकच ठिकाण ठरवतो. कोणते ठिकाण निवडावे, हे ऋतू कोणता आणि सोबत कोण आहे यावर अवलंबून असते. पुढील तुलना अशी निवड करणाऱ्यांसाठी आहे. हत्तरसंग कुडल, नळदुर्ग आणि माचणूर ही तिन्ही ठिकाणे शहरापासून साधारण ४० ते ५० किलोमीटरच्या टप्प्यात, पण तीन वेगवेगळ्या दिशांना आहेत. त्यामुळे एकाच दिवशी दोन ठिकाणे जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

कुडल दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूला जावे लागते आणि शेवटचा टप्पा शेतांमधून जाणाऱ्या लहान रस्त्याचा आहे. येथे सीना नदी भीमेला मिळते आणि भीमेच्या पलीकडच्या काठावर कर्नाटक सुरू होते. संगमाजवळ संगमेश्वराचे आणि हरिहरेश्वराचे अशी दोन जुनी मंदिरे आहेत. त्यांपैकी हरिहरेश्वराचे मंदिर दीर्घकाळ मातीखाली दडलेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे उत्खनन झाले, तेव्हा ते बहुमुखी शिवलिंग उजेडात आले, ज्याच्यासाठी आज जाणकार माणसे दुरून येतात. एकाच शिळेवर ३५९ मुखे कोरलेली आहेत. दुरून पाहिल्यास तो खडबडीत दगड वाटतो. जवळ जाऊन खाली बसले आणि नजर एका ओळीवर स्थिर केली की मग एकेक चेहरा वेगळा होऊ लागतो, कोणाचे डोळे मिटल्यासारखे, तर कोणाच्या ओठांच्या कडा किंचित वर गेलेल्या. पुढच्या वर्षी ताईला मी तेथे घेऊन गेलो, तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि पाऊण तास उठली नाही. घाईत असलेल्या माणसाला या शिल्पातून काहीही मिळणार नाही, हे मी खात्रीने सांगतो.

कुडलचे दुसरे धन त्याहून जुन्या जिव्हाळ्याचे आहे. संगमेश्वराच्या सभामंडपातील तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते आणि तो अभ्यासकांसमोर आणण्याचे श्रेय सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांना जाते. लेखाच्या शेवटी "वाछि तो विजेया होईवा" असे शब्द आहेत. जो वाचील तो विजयी होईल, असा त्यांचा अर्थ लावला जातो. मंडपात उजेड कमी असतो आणि अक्षरे झिजलेली आहेत. मी मोबाइलचा प्रकाश सरळ अक्षरांवर टाकत होतो, तेव्हा तेथे बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले आणि म्हणाले, "समोरनं नका धरू, कडेनं धरा, म्हंजे अक्षर उठतंय बघा." प्रकाश बाजूने टाकताच प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरली आणि ओळ दिसू लागली. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्यासारख्या वाचणाऱ्याला उद्देशून शुभेच्छा कोरून ठेवली आहे आणि ती आपल्या भाषेत आहे, या जाणिवेने अंगावर काटा येतो. मराठी वाचणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी त्या तुळईखाली उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

नळदुर्गचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. हैदराबाद महामार्गावर असल्यामुळे तेथे पोहोचणे तिघांत सर्वांत सोपे आहे. एसटीनेही सहज जाता येते. किल्ला धाराशिव जिल्ह्यात येतो, परंतु सोलापूरकरांना तो आपलाच वाटतो. शंभराहून अधिक बुरूज असलेली त्याची तटबंदी प्रचंड आहे, पण खरे आकर्षण पाणीमहाल हेच. बोरी नदीचा प्रवाह किल्ल्याला वळसा घालतो. त्या प्रवाहात आडवा बांध घालून किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला जोडला आहे आणि त्या बांधाच्या पोटात महाल बांधला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये हे काम झाले. पावसाळ्यात धरण भरले की पाणी बांधावरून नर आणि मादी या नावांच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळते. अशा वेळी महालात उतरून खिडकीपाशी उभे राहिले, तर डोळ्यांसमोरून पाण्याचा पडदा पडत असतो, आवाजाने शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही आणि तरीही आपण उभे असलेली जागा कोरडी असते. धरण, राजवाडा आणि संरक्षणाची भिंत या तिन्ही गोष्टी एकाच बांधकामात बसवणाऱ्या त्या कारागिरांची बुद्धी पाहून मी दरवेळी थक्क होतो.

मात्र नळदुर्गची निवड करताना महिना पाहिलाच पाहिजे. हा भाग अवर्षणाचा आहे आणि बोरी दरवर्षी वेळेवर भरतेच असे नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला म्हणून धावत जाण्यात अर्थ नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून पुढे सांडवे वाहण्याची शक्यता अधिक असते, आणि निघण्यापूर्वी गावातील कोणाला तरी फोन करून विचारून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दुसरी गोष्ट चालण्याची. किल्ल्याचा विस्तार मोठा आहे, मधे सावली कमी आहे आणि उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत. बुरुजावर लांबलचक तोफा आहेत आणि तेथून सगळा परिसर दिसतो, परंतु गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालूनच पाहावे. लहान मुलांसाठी मात्र तिन्ही ठिकाणांत नळदुर्ग निर्विवादपणे उत्तम आहे. तट, तोफा आणि पाणी असले की मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. वेळ उरलाच तर अणदूरच्या खंडोबाची माहिती अवश्य घ्यावी. हा देव वर्षाचा काही काळ नळदुर्गला आणि उरलेला काळ अणदूरला मुक्काम करतो आणि दोन गावांमध्ये त्याबद्दल लेखी करार होतो. आपण गेलो त्या दिवशी देव कोणत्या गावी आहे, हे विचारूनच दर्शनाला वळावे.

या दोघांची थेट तुलना करायची तर मी ती अशी मांडीन. नळदुर्ग पाहायला डोळे पुरतात, कुडलला थोडी तयारी लागते. नळदुर्गला आठ-दहा जणांचा गट घेऊन गेले तरी ठिकाण सर्वांना सामावून घेते. कुडलला चार जणांपेक्षा अधिक असू नयेत, कारण शिलालेखाखाली एका वेळी दोघे-तिघेच उभे राहू शकतात आणि बाकीचे कंटाळतात. मुले सोबत असतील तर कुडलला अर्ध्या तासात "आता कुठे?" हा प्रश्न सुरू होतो. उलट घरात एखादे आजोबा, शिक्षक किंवा वाचनाची आवड असलेली मावशी असेल, तर त्यांना नळदुर्गच्या उन्हात फिरवण्यापेक्षा संगमाच्या काठी सावलीत बसवावे. खाण्यापिण्याचा विचार केला तर महामार्गामुळे नळदुर्गला सोय आहे. कुडलला जाताना पाणी आणि डबा घरून न्यावा. आमच्याकडून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढे नेले तरी नदीकाठच्या जेवणाला तोड राहत नाही.

ऋतूचा हिशेब येथे नेमका उलटा होतो. ज्या काळात नळदुर्ग सर्वांत देखणा असतो, त्याच काळात कुडल टाळावे लागते, कारण उजनी धरणातून पाणी सोडले की सोलापुरात थेंबभर पाऊस नसतानाही भीमा फुगते आणि संगमाचा परिसर पाण्याने वेढला जाऊ शकतो. त्यामुळे पाऊसकाळ चांगला असेल तर नळदुर्ग आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कुडल, असे सरळ गणित मांडावे. मार्च संपल्यानंतर दोन्ही ठिकाणी जायचे असेल तर पहाटे निघून अकराच्या आत परतीला लागावे. मे महिन्यात येथील पारा चाळिशीच्या वर असतो आणि दगड इतके तापतात की अनवाणी देवळात शिरणे कठीण होते.

माचणूर हा तिसरा पर्याय मी प्रामुख्याने थकून आलेल्या माणसांसाठी सुचवतो. मंगळवेढ्याच्या अलीकडे, भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचे मंदिर, घाट आणि शेजारी पडझड झालेला किल्ला आहे. दक्षिणेच्या मोहिमेत औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे याच परिसरात, ब्रह्मपुरीला होती, आणि त्याने त्या जागेचे नाव इस्लामपुरी केले होते. येथूनच १६९९ मध्ये तो साताऱ्याकडे निघाला. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा कारभार जेथून चालला, तेथे आज शेळ्या चरतात आणि घाटावर बायका धुणे धुतात. बादशहाने देवासाठी मांसाचे ताट पाठवले आणि मंदिरात ते उघडल्यावर पांढरी फुले निघाली, अशी आख्यायिका गावात आजही श्रद्धेने सांगितली जाते. पाहण्यासारख्या वस्तू मोजल्या तर माचणूर कुडल आणि नळदुर्गच्या मागे पडेल, पण घाटाच्या पायरीवर दोन तास निवांत बसण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. शिवाय पुढे मंगळवेढा आहे. दुष्काळात बादशाही कोठारे रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव, कान्होपात्रेचेही हेच, आणि गावाच्या काळ्याभोर जमिनीत पिकणाऱ्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. डिसेंबर-जानेवारीत येणार असाल आणि ओळखीच्या शेतकऱ्याने हुरड्याला बोलावले, तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून माचणूर आणि मंगळवेढा हीच दिशा धरावी.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याबद्दल नेहमी विचारणा होते, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात आज माळढोक दिसण्याची आशा धरून जाऊ नये; तो पक्षी आता जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि याचे दुःख आम्हा सोलापूरकरांना आहे. काळवीट, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी आणि क्षितिजापर्यंत पसरलेले गवताळ माळरान पाहण्यात ज्याला आनंद आहे, त्याने थंडीत पहाटे वनखात्याच्या परवानगीने जावे. पक्ष्यांची आवड नसलेल्यांना तेथे नुसते माळरान दिसेल.

पूर्ण दिवस हाती नसेल तर शहराबाहेर दूर जाऊच नये. तुळजापूर रस्त्यावरील एकरुख, म्हणजेच हिप्परग्याचा तलाव हिवाळ्याच्या संध्याकाळी पाहण्यासारखा असतो. आणि मुक्काम जानेवारीच्या मध्यात पडत असेल, तर शहरच पुरेसे आहे. सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांनी, पंचक्रोशीत स्थापन केलेल्या ६८ लिंगांना संक्रांतीच्या सुमारास तैलाभिषेक होतो आणि नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक त्या वाटेने निघते. त्या दिवशी पाहुण्यांनी गाडी घरी ठेवून काठ्यांच्या मागे जमेल तितके चालावे. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सगळ्यांना ठाऊक असते, पण ही ६८ लिंगांची वाट पायी चालणारे पाहुणे फार थोडे.

माझा स्वतःचा कल विचाराल तर हिवाळ्यात आलेल्या मोठ्या माणसांना मी डोळे मिटून कुडलला नेतो, मुले सोबत असतील आणि बोरी भरलेली असेल तर नळदुर्गला, आणि घरात नुकतेच लग्न आटोपून सगळे दमलेले असतील तर माचणूरला. ताईला कुडल आणि माचणूर दाखवून झाले आहे. आता तिच्या नातवाला घेऊन ती यायची आहे, आणि तिने फोनवर आधीच बजावून ठेवले आहे, की नळदुर्गच्या सांडव्यावरून पाणी पडू लागले की त्याच दिवशी कळव, तिकीट मी लगेच काढते.