शिगेला की ईटीईसी? बाळाच्या लंगोटात काय दिसतं

ईटीईसी हा ई. कोलाय जंतूचा प्रकार लहान आतड्याला चिकटून विष सोडतो, अस्तर मात्र शाबूत राहतं. म्हणून शी पाण्यासारखी, भरपूर, रक्ताशिवाय. शिगेला हा जुलाब करणारा दुसरा जंतू मोठ्या आतड्याच्या अस्तरातच घुसतो: ताप, मुरडा, कुंथून कुंथून चमचाभर आव-रक्त. त्याचे १०-१०० जंतूही पुरतात, त्यामुळे न धुतलेल्या हातांवरून तो घरभर फिरतो. ईटीईसीला कोट्यवधी लागतात, ते बहुधा दूषित पाण्या-अन्नातून येतात.

ईटीईसीत खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५०-१०० मिली ओआरएस, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा. अँटिबायोटिक सहसा लागत नाही. शीमध्ये रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध दोन्हींत नको.