बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: कुठल्या महिन्यात काय दिसतं?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट पक्षी-फुलपाखरांसाठी काढत असाल तर आधी कॅलेंडर पाहा. महिना आणि वेळ चुकली, की कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आणि माकडं एवढंच पदरात पडतं. मुंबईला लागून असलेलं १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल दर दोन महिन्यांनी बदलतं.

नवख्यांसाठी फेब्रुवारी उत्तम. काटेसावरीची पानं गळलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर लाल फुलं, त्यामुळे फुलावर बसलेला पक्षी लपत नाही. फुलाच्या खोलगट पेल्यात रात्री मध साचतो. कोतवाल, शिंजीर, हरेवा, पोपट आणि पळस मैनांचे थवे त्यासाठी उजाडताच येतात. ऊन चढलं की वर्दळ ओसरते. म्हणून फाटक उघडताच आत शिरा आणि भरपूर फुललेल्या एकाच सावरीखाली, सूर्य पाठीशी ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं उभे राहा. चालत राहणाऱ्याला आवाज ऐकू येतात, थांबलेल्याला पक्षी दिसतात. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १०×५० जड पडते, हात हलतो आणि दाट झाडीत तिचा आवाका तोकडा ठरतो.

मेअखेरीस नवरंग पक्षी येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो, एरवी जमिनीवर पाचोळा उलथत हिंडतो. नजर फांद्यांवर ठेवली तर तो हमखास हुकतो. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरटं आणि खाणं सोडून धावत राहतो. पाऊस लागल्यावर शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. ओढ्याकाठी तिबोटी खंड्याही दिसू शकतो, पण त्याचं मातीतलं बीळ सापडलं तर तिथून मागे फिरा. बिळासमोर माणसं उभी राहिली, तर चोचीत भक्ष्य घेऊन आलेला पक्षी आत जात नाही आणि पिल्लं उपाशी राहतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर फुलपाखरांचा. इथे मात्र पहाटेची घाई नको. पंख तापल्याशिवाय ती उडत नाहीत, साडेआठ-नऊनंतर जा. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर चिखलपानाला जमलेले बहुतेक नर असतात, ते मातीतले क्षार शोषतात. त्यांच्यावर आपली सावली पडू देऊ नका, नाहीतर सगळा घोळका उडतो. राणी पाकोळी, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, याच दिवसांत भेटतं. वाटेवर चेहऱ्याच्या उंचीला जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची पिवळसर जाळी असतात. पुढच्याने काठीने जाळी तोडत चालण्याऐवजी वाकून जावं. गवतात गोचिडी असतात, पँट मोज्यांत खोचा.

शिलोंडा वाट मुख्य रस्त्यापेक्षा कितीतरी सरस, कारण ती ओढ्याच्या साथीने जाते. पण परवानगी आणि मार्गदर्शक लागतो, त्यामुळे निसर्ग माहिती केंद्रात आधी नोंदणी करा. ओले दगड निसरडे असतात, खाचांचे बूट घाला. चप्पल घालून आलेल्यांचं निम्मं लक्ष पायांखालीच राहतं.

सोमवारी उद्यान बंद. रविवार टाळता आला तर टाळा, गोंगाटाने जमिनीवरचे पक्षी आत सरकतात. खाऊ उघड्या पिशवीत ठेवू नका, माकडं हिसकावतात. पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. बिबट्या दिसेल या आशेने येऊ नका. तो बहुधा रात्री फिरतो. चिखलातला ताजा ठसा मिळाला तरी मोठी गोष्ट.

आठ वर्षांतून एकदा फुलणारं कारवीचं झुडूप बहरात पाहायचं राहिलं असेल तर थांबावं लागेल: २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली, म्हणजे पुढचा बहर २०३२ च्या सुमारास.