बॉल हॉकीचे साहित्य आणि प्रांतीय संघटनेची कार्यपद्धती: औसा तालुक्यातील काही महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत बॉल हॉकी सुरू झाली, तेव्हा खरेदीच्या यादीत स्टिक, चेंडू, गोलरक्षकाचे पॅड आणि दोन गोलपोस्ट एवढेच होते. आता उन्हाळी सुट्टी संपत आली असताना या वापराविषयी लिहायचे, तर साहित्याइतकेच त्यासोबत स्वीकारलेल्या कार्यपद्धतीविषयीही लिहावे लागेल. हा खेळ जिथे रुजला त्या कॅनडात राष्ट्रीय संघटनेच्या खाली प्रांतांच्या स्वतंत्र संघटना आहेत. संघांची व खेळाडूंची नोंदणी करणे, स्थानिक लीगना मान्यता देणे, पंच तयार करणे आणि राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी प्रांतीय स्पर्धा भरवणे ही कामे त्या करतात. तालुक्यातील काही शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी मिळून आम्ही हीच पद्धत लहान प्रमाणावर राबवून पाहिली.

आधी साहित्याविषयी. आइस हॉकीचाच हा प्रकार बर्फाविना, साध्या बुटांवर, प्रत्येकी पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक घेऊन खेळतात. त्याला कोरडी, सपाट फरशी पुरते, आणि मराठवाड्यात ही बाब फार मोलाची आहे. मैदानी हॉकीच्या पारंपरिक कृत्रिम टर्फवर सामन्याआधी भरपूर पाणी मारावे लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या शाळेने असे टर्फ मागावे तरी कसे? आमचा खेळ सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर, कडेला बाके आडवी टाकून, उत्तम चालला.

नारिंगी चेंडू टणक असतो आणि तो उष्ण हवेसाठीच बनवलेला आहे. थंड प्रदेशात मऊ चेंडू वापरतात. जानेवारीत तो मैदानाला चिकटून सरळ जात असे. एप्रिलच्या दुपारी मात्र तोच चेंडू नरम पडून उसळू लागला, म्हणून आम्ही खेळ सकाळी आठच्या आत आटोपू लागलो. स्टिकच्या पात्याची खालची कड सिमेंटवर घासून झिजते. चिकटपट्टीचे दोन वेढे दिल्यास झीज कमी होते, पण पट्टी दर आठवड्याला बदलावी लागते. पुरवठादाराने पहिल्या खेपेत सगळ्या स्टिक उजव्या हाताच्या पाठवल्या आणि बदलून देण्यास बराच वेळ लावला, ही तक्रार नोंदवणे भाग आहे. मैदानी हॉकीत डावखुऱ्यांची स्टिक चालत नाही. इथे ती चालते आणि पात्याच्या दोन्ही बाजूंनी चेंडू खेळता येतो. सातवीतील एक डावखुरी मुलगी योग्य स्टिक हाती आल्यावर ज्या सफाईने खेळू लागली, ते पाहून मागणी नोंदवताना उजवी-डावी स्पष्ट लिहावी असे प्रत्येकाला सांगावेसे वाटते. हेल्मेट आणि हातमोजे यांबाबत मात्र काटकसर मुळीच करू नये. साहित्याला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन.

कार्यपद्धतीला याहून जास्त गुण द्यावे लागतील, आणि तेही मुख्यतः पंचांमुळे. सुरुवातीला ज्या शाळेचा सामना, त्याच शाळेचे गुरुजी शिट्टी घेऊन उभे राहत आणि प्रत्येक गोलवर वाद होई. मग प्रांतीय संघटनांप्रमाणे आम्ही पंचांचे वेगळे शिबिर घेतले आणि अकरावी-बारावीच्या माजी विद्यार्थ्यांना नियम लेखी व मैदानावर शिकवले. निळ्या रेषेचा नियम समजायला सर्वांत अवघड गेला. गोलपुढील आक्रमणाची हद्द दाखवणारी ही आडवी रेषा, आणि चेंडू आत जाण्याआधी आक्रमक खेळाडूने ती ओलांडायची नसते. चेंडू ती रेषा ओलांडून आत गेला की आक्रमक संघाची हद्द मध्यरेषेपर्यंत वाढते, आणि चेंडू मध्यरेषेमागे गेल्याशिवाय ती हद्द संपत नाही. खडूने रेषा आखून, मुलांना चालत चालत जागा बदलायला लावून तो पक्का करून घेतला.

फेब्रुवारीतील एका सामन्यात याचे फळ दिसले. बचाव करणाऱ्या संघाच्या कर्णधाराने समोरच्याचा पाय स्टिकने अडवला. पंच मुलीने हात वर केला, पण शिट्टी वाजवली नाही. मैदानाबाहेर एकच गलका झाला. चेंडू चुकी करणाऱ्या संघाकडे येताच तिने शिट्टी दिली आणि कर्णधाराला दोन मिनिटांसाठी बाहेर पाठवले. तो तिच्याच शाळेचा होता. त्यांच्या सरांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, चेंडू समोरच्यांकडे असताना खेळ थांबवला तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचंच नुकसान होतं." त्यानंतर त्या मैदानावर पंचाच्या निर्णयावरून सामना थांबल्याचे मला आठवत नाही.

नोंदणीचे काम कंटाळवाणे आहे, पण वयोगटाचा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही. आपल्या शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, तर कॅनडातील मुलांचे गट साधारणपणे दोन-दोन वर्षांचे आहेत. लहान मुलांसाठी ते जास्त न्याय्य ठरतात, कारण पाचवीतला मुलगा आणि आठवीतला मुलगा यांच्या ताकदीत मोठी तफावत असते. अडचण एवढीच, की लहान गावांत प्रत्येक गटाचा संघ उभा राहत नाही. तिथे दोन शाळांनी मिळून एक संघ द्यावा, ही सवलत आम्ही ठेवली. मुलींच्या सामन्यांना मुलांच्या आधीची, थंड वेळ दिली आणि त्यांची उपस्थिती टिकली. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९९६ साली ब्रातिस्लाव्हात सुरू झाली आणि महिलांची २००७ साली. तालुक्याच्या पातळीवर तरी मुलींना इतकी वाट पाहायला लावू नये, असे मला मनापासून वाटते.

या पद्धतीत एक गोष्ट आम्हाला देता आली नाही, ती म्हणजे पुढची पायरी. पालकांचा पहिला प्रश्न दहावीच्या सवलतीच्या गुणांचा असतो, आणि ते गुण शासनमान्य खेळाच्या मान्यताप्राप्त स्पर्धेतूनच मिळतात. म्हणून साहित्य मागवण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात खेळांची चालू यादी पाहून पालकांना खरी स्थिती सांगावी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही पंचांचे शिबिर आधी घेणार आहोत आणि संघांची नोंदणी त्यानंतर. ज्या शाळेकडून किमान एक पंच शिबिराला येणार नाही, तिचा संघ या वर्षी घ्यायचा नाही, असे सर्व क्रीडाशिक्षकांनी ठरवले आहे.