रविवारचा शेतकरी आठवडे बाजार: अंजीर विकणारीच्या बाजूने

पुण्याच्या एका उपनगरात शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सात ते एक शेतकरी आठवडे बाजार भरतो. तिथे मी सलग दोन वर्षं मीठ्या बहाराला, म्हणजे अंजिराच्या मार्च ते मे या हंगामात, टेबल लावलं. गिऱ्हाइकांनी लिहिलेले अनुभव बरेच वाचले, विकणाऱ्याचा कुठे दिसला नाही, म्हणून लिहिते. माझे पाचपैकी साडेतीन तारे.

आम्ही पुरंदरचे. दीड एकर अंजीर, थोडं सीताफळ. आमच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी नोंद, मिळालं. त्याच वर्षी सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीतच विकायची सक्ती काढली, आणि आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) कापायची थांबली. तरीही गुलटेकडीला, म्हणजे पुण्याच्या मार्केट यार्डात, माल पाठवला की भाव ठरताना आपण तिथे नसतो, फोनवर आकडा कळतो. मला एकदा तरी माझ्या मालाचा भाव माझ्या तोंडाने सांगायचा होता. बाजारात टेबल घ्यायचं खरं कारण तेच.

अंजीर हे थांबणारं फळ नाही. आज झाडावर पिकलं ते उद्या संध्याकाळी मऊ पडतं. रविवारी आम्ही पहाटे साडेतीनला बॅटरी लावून तोडायला उतरतो. देठ हलकेच पिळून फळ सोडवायचं, ओढलं की साल फाटते. तुटल्या देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांच्या बेचक्यात लागला की दिवसभर आग होते. मी चिंध्या गुंडाळते, जाऊबाई हातमोजे घालतात. पाटीत खाली अंजिराचाच पाला, वर एक थर, पुन्हा पाला. तिसरा थर लावला की खालचं दबतं, म्हणून पाटी जड करायची नाही. साडेपाचला टेम्पो निघतो.

पहिल्या रविवारी निम्मी माणसं विचारायची, "हे ओलं अंजीर असंच खायचं का?" त्यांना दोरीत ओवलेलं सुकं अंजीरच ठाऊक. मग मी एक फळ हाताने दोन भाग करून पुढे करायला लागले. आतला गुलाबी गर दिसला की बोलायची गरज उरत नाही. एक आजी त्या दिवशी अर्धं फळ खाऊन गेल्या आणि पाऊण तासाने नातीला घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "ताई, हिलाही दाव गं, झाडावरचं कसं असतं ते." पुढे दर रविवारी त्यांचा एक किलो ठरलेला. मानांकनाबद्दल मला दोन वर्षांत कोणी विचारलं नाही. गोड आहे का आणि कधी तोडलं, एवढंच विचारतात, आणि मला त्या दोन्हींची उत्तरं देता येतात.

आता पैशाचं. सरासरीच्या रविवारी ६० किलो नेते. ४५ किलो १२० रुपयांनी जातं, बारानंतर ८ किलो ६० रुपयांनी, सात किलो परत येतं. हातात ५,८८० रुपये. टेबलाचं भाडं २०० आणि टेम्पोचे ७०० काढले की ४,९८०. तोच माल मार्केट यार्डात ५५च्या भावाने गेला असता तर हुंडेकऱ्याचं (माल वाहून नेणाऱ्याचं) भाडं, हमाली वजा जाता ३,००० मिळाले असते. म्हणजे जवळपास दोन हजार जास्त. पण त्यात माझा आणि दिरांचा अख्खा दिवस आहे. आमच्याकडच्या मजुरीने त्याचे हजार होतात. घरच्या माणसाची मजुरी धरायची सवय आपल्याला नाही, म्हणून बाजार आहे त्यापेक्षा जास्त फायद्याचा वाटतो. नवीन येणाऱ्यांनी ही वजाबाकी आधी करावी.

परत आलेल्या सात किलोंचा मी जॅम करते. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी काढली, छोट्या उलाढालीला तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. जॅम बरा खपतो, पण बाटली महाग पडते.

दीड तारा कशाचा कापला ते सांगते. टेबल देताना आयोजकांनी माझा सातबारा पाहिला, ते योग्यच होतं. पण नंतर कोणी काही पाहत नाही. माझ्यापासून चौथ्या टेबलावर मार्चमध्ये सफरचंदं होती, जी आमच्या भागात तेव्हा निघत नाहीत, आणि वर फलक "शेतातून थेट". तो माणूस यार्डातून माल उचलून आणतो. मी दोनदा तक्रार केली, "बघतो ताई" एवढंच ऐकलं. गिऱ्हाइकाला त्याच्यातला आणि आमच्यातला फरक कळला नाही तर शेतकरी बाजार या नावावरचाच विश्वास उडेल, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं, गेल्या एप्रिलमध्ये मैदान कार्यक्रमाला दिलं म्हणून बाजार रद्द झाला. निरोप आला तेव्हा टेम्पो दिवे घाटात होता. तसेच गुलटेकडीला गेलो. तिथले मोठे सौदे पहाटेच उरकतात, उशिरा आलेला माल पडेल त्या भावाने द्यावा लागला. पाट्या उतरवताना दीर एक शब्द बोलले नाहीत. शनिवारी दुपारी कळलं असतं तर तोडणी लवकर करून वेळेत पोचलो असतो.

सावली मात्र चांगली आहे, पिण्याचं पाणी आहे, आणि बायकांसाठी स्वच्छ संडास आहे. दुसऱ्या एका बाजारात तो नव्हता, म्हणून मी तो सोडला.

यंदाही टेबल घेतलंय, पण ६० नव्हे, ४५ किलोच नेणार, बाकीचं यार्डात. घ्यायला येणार असाल तर दहाच्या आत या आणि पिशवीऐवजी पसरट डबा आणा. घरी गेल्यावर फळं एका थरात मांडा आणि त्याच दिवशी खा.