पगारकपातीचं पत्र आलंय: सही करायची, नाकारायचं की बाहेर पडायचं?

मंदीत कंपनीकडून येणारं पत्र एका आकड्याभोवती फिरतं. पंधरा टक्के, वीस टक्के, तीस टक्के. घरीही चर्चा त्याच आकड्याची होते: फ्लॅटचा हप्ता निघेल का, शाळेची फी भागेल का. माझं काम पगारपत्रकं तयार करण्याचं. त्या टेबलावरून बघितलं तर टक्केवारीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या दिसतात. पैसे सॅलरी स्लिपच्या कोणत्या ओळीतून कापणार, आणि जुना पगार कोणत्या तारखेपासून परत लागू होणार हे लिहून दिलंय का. पुण्यात साधारण जे पर्याय लोकांपुढे येतात, ते या दोन कसोट्यांवर ताडून बघू.

बेसिकमधून कपात की भत्त्यातून

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीची काल्पनिक स्लिप घ्या. ग्रॉस 90,000. त्यात बेसिक 45,000, घरभाडे भत्ता 18,000, स्पेशल अलाउन्स 27,000. नोकरीला आठ वर्षं पूर्ण. कपात 20 टक्के, म्हणजे महिन्याला 18,000.

एक पद्धत अशी की प्रत्येक ओळ 20 टक्क्यांनी खाली आणायची. बेसिक 36,000 होतं. दुसरी पद्धत अशी की अख्खे 18,000 स्पेशल अलाउन्समधून काढायचे आणि बेसिकला हात लावायचा नाही.

इन हँड बघाल तर पहिली पद्धत गोड वाटेल. पीएफ पूर्ण बेसिकवर जात असेल तर बेसिक 9,000 ने घटल्यावर तुमची 12 टक्के वर्गणीही 1,080 रुपयांनी घटते, म्हणजे खात्यात 18,000 नव्हे, 16,920 रुपये कमी येतात (इन्कम टॅक्स बाजूला ठेवून). पण कंपनीचेही 1,080 दरमहा वाचले, ते तुमच्या पीएफमध्ये येणार नाहीत.

मोठा फटका ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेत आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर काढतात: ती रक्कम गुणिले 15, भागिले 26, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. 45,000 वर आठ वर्षांचे 2,07,692 रुपये होतात, 36,000 वर 1,66,154. कपातीच्या काळातच नोकरी सुटली तर साडेएक्केचाळीस हजार गेले, आणि तेही मागच्या आठ वर्षांच्या कमाईतून, जेव्हा कंपनीचं सगळं उत्तम चाललं होतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या माणसाने बेसिक कपातीला शक्यतो हो म्हणूच नये. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत हा फरक लाखांत जातो.

नोकरकपातीची भरपाईसुद्धा अशीच घसरते. कायद्याने ती दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार अशी असते, आणि सरासरी धरतात शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांची. आधी कपात करायची, चार महिन्यांनी नारळ द्यायचा, म्हणजे कंपनीला नारळही स्वस्तात पडतो. सगळ्याच कंपन्या असा डाव टाकतात असं नाही. पण पत्रात एक वाक्य घालून घ्यायला काय हरकत आहे: कपातीच्या काळात सेवा संपुष्टात आणल्यास सर्व देणी कपातीपूर्वीच्या पगारावर काढली जातील. एचआर या वाक्याला का-कू करायला लागलं, तर त्यातूनही काय ते कळतं.

“स्ट्रक्चर बदलता येत नाही, कायदा आहे” असं उत्तर मिळालं तर ऐकून घेऊ नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनात धरला जातो. आपल्या उदाहरणात भत्त्यातून कापल्यावर बेसिक 72,000 पैकी 45,000, म्हणजे निम्म्याहून जास्तच आहे.

पेन्शनची धास्ती मात्र बहुतेकांनी सोडून द्यावी. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची वर्गणी साधारणपणे 15,000 च्या मर्यादेवरच जाते, बेसिक 45,000 असो की 36,000.

आणि पगारवाढ. 90,000 चे 72,000 झाले की पूर्वपदावर यायला 20 टक्के वाढ पुरत नाही, 25 टक्के लागते. “पुढच्या अप्रेझलला बघू” या आश्वासनाचा अर्थ नव्या, कमी पायावर आठ-दहा टक्के असाच निघतो. म्हणून वाढ मागण्यापेक्षा जुन्या पगारावर परत आणण्याची तारीख मागा. “परिस्थिती सुधारेपर्यंत” ही तारीख नव्हे. परिस्थिती सुधारली हे कंपनीच ठरवणार.

पुढे ढकललेला पगार

कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, 31 मार्च 2020 ला, राज्य सरकारने मंत्री-आमदारांचा 60 टक्के, अ आणि ब वर्गाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 50 टक्के, क वर्गाचा 25 टक्के पगार रोखायचं जाहीर केलं. ड वर्गाला हात लावला नव्हता. आधी ते कपात म्हणूनच ऐकू आलं आणि कर्मचाऱ्यांत खळबळ उडाली, मग खुलासा झाला की कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल. सरकारी नोकराला या खुलाशाने दिलासा मिळाला, कारण देणारं सरकार होतं. खराडीच्या को-वर्किंगमध्ये दोन मजले घेऊन बसलेल्या स्टार्टअपने तेच वाक्य म्हटलं तर त्याची किंमत वेगळी.

कागदावर हा पर्याय कपातीपेक्षा चांगला आहे: बेसिक तेच, पैसे तुमचेच, फक्त उशिरा. प्रत्यक्षात तुम्ही कंपनीला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देताय. कंपनी दिवाळखोरीत जाऊन मोडीत निघाली तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेनुसार कामगारांची मागच्या 24 महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते. बाकीच्या कर्मचाऱ्यांची फक्त 12 महिन्यांची, आणि तीही त्यांच्या खालच्या पायरीवर. शिवाय पगारावरचा इन्कम टॅक्स देय झालेल्या रकमेवर लागतो, हातात न आलेली असली तरी. त्यामुळे “या महिन्याचा पगार थकीत” आणि “ही रक्कम अमुक तारखेला देय होईल” या दोन मजकुरांत फरक आहे. दुसरा घ्या.

कंपनीकडे ऑर्डर आहेत पण ग्राहकाकडून पैसे अडकलेत, अशी खात्री असेल तर ढकललेला पगार कपातीपेक्षा बरा. गुंतवणूकदाराचा पुढचा हप्ता येईल या आशेवर गाडा चालू असेल तर मी उलट सांगेन: कमी घ्या, पण दर महिन्याला रोख घ्या. कपातीच्या बदल्यात शेअर देऊ केले तर त्यांची किंमत शून्य धरून हिशेब करा. वर काही मिळालं तर दिवाळी.

कमी दिवस काम, कमी पगार

मला या सगळ्यांत हाच मार्ग प्रामाणिक वाटतो. आठवड्याला चार दिवस काम आणि तेवढ्या दिवसांचाच पगार, किंवा महिन्यातून ठरावीक दिवस बिनपगारी रजा. पगाराचा दर तोच राहतो, त्यामुळे स्लिपवर मूळ बेसिक दिसतं आणि पुढच्या नोकरीच्या वाटाघाटीत तेच दाखवता येतं. पीएफ त्या महिन्यांपुरता घटतो, पण ग्रॅच्युइटीचा पाया हलत नाही. एक धोका आहे: ग्रॅच्युइटीसाठी वर्षात 240 दिवस भरावे लागतात, आठवड्याला सहापेक्षा कमी दिवस काम असलेल्या ठिकाणी 190. महिन्याला चार-पाच दिवसांच्या रजेने ते मोडत नाही, सलग पाच-सहा महिने घरी बसवलं तर मोडू शकतं. आणि हो, चार दिवसांचा पगार घेऊन पाचव्या दिवशी “जरा कॉलवर ये ना” सुरू झालं, की ती साधी कपातच झाली.

चाकण, भोसरी, पिंपरीच्या लोकांना हे नवीन नाही. 2008-09 ला आणि परत 2019 ला वाहनउद्योग बसला तेव्हा ब्लॉक क्लोजर झाले, म्हणजे कारखाने काही दिवस सलग बंद ठेवले गेले. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याने काम नाही म्हणून वर्ष झालेल्या कायम कामगाराला तात्पुरतं घरी बसवलं, तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. ब्लॉक क्लोजरचे दिवस साठलेल्या रजेतून वळते करतात का, हे मात्र युनियनला विचारून घ्या. सगळी मेख तिथेच असते.

नकार किंवा राजीनामा

कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांचा पगार बदलायचा तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, जुन्या कायद्यातही आणि नव्या संहितेतही. व्याख्येत कोण बसतं हे व्हिजिटिंग कार्डावरच्या हुद्द्यावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता यावर ठरतं. कोड लिहिणारा सीनियर असोसिएट बसू शकतो, रजा मंजूर करणारा आणि लोकांचं रेटिंग ठरवणारा मॅनेजर बहुधा नाही. न बसणाऱ्यांसाठी करारपत्र हाच आधार, आणि करार एकतर्फी बदलता येत नाही. पण नवा पगार मुकाट्याने घेत राहिलात तर पुढे तीच संमती धरली जाऊ शकते.

तरीही फक्त कायद्याच्या जोरावर नकार देऊन फार काळ टिकता येतं, असं मी सांगणार नाही. लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्या, असा केंद्राचा आदेश 29 मार्च 2020 ला निघाला होता. तो 18 मे पासून मागे घेतला गेला, आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांवर सक्तीची कारवाई न करता दोन्ही बाजूंनी बोलणी करावीत असं सांगितलं. बोलणीच करायची तर एकट्याने करू नका. दहा जणांचा एकत्र मेल एचआर वेगळ्या नजरेने वाचतं.

स्वतःहून राजीनामा दिलात तर नोकरकपातीची भरपाई मिळत नाही. म्हणून “सही करा नाहीतर राजीनामा द्या” असं कोणी म्हणालं तर दोन्ही करू नका, ते वाक्य लेखी मागा. पॅकेज देत असतील तर नोटीस पे, साठलेली रजा, ग्रॅच्युइटी आणि भरपाई अशा चार वेगळ्या ओळी मागा, एकत्र आकडा नको. नव्या वेतनसंहितेनुसार राजीनामा असो की नोकरकपात, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं व्हायला हवं.

कोणी बाहेर पडावं? दुसरी ऑफर हातात आहे, किंवा हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि कपात बेसिकमधून, बिनतारखेची आहे, त्यांनी. कोणी थांबावं? ज्यांची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरलेत, कारण त्याआधी सोडलं तर साधारणपणे ग्रॅच्युइटी मिळत नाही. आणि ज्यांच्या आईवडिलांचे उपचार कंपनीच्या मेडिक्लेमवर चालू आहेत त्यांनी. सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाची नवी पॉलिसी घ्यायला गेलात की 18,000 ची कपात परवडली असं वाटेल.

सही करायचीच ठरली तर संमतीच्या बटणावर थांबू नका. उत्तरात चार ओळी लिहा: सध्याच्या अडचणीमुळे अमुक महिन्यापर्यंत कपात मान्य, बेसिक कायम, देणी जुन्या पगारावर, अन्य हक्क राखून. ऑफिसच्या मेलवरून पाठवा, प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा, आणि कपातीच्या आधीच्या स्लिप आजच उतरवून घ्या. लॅपटॉप जमा केल्यावर पोर्टल उघडत नाही.

हे सगळं पत्र येणाऱ्यांसाठी. चाकणच्या ठेकेदारी कामगाराला पत्र येतच नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग पाळ्या कमी होतात, मग दर “सध्या एवढाच” होतो. त्याच्यापुढे निवडीला फारसं काही नसतं. पण किमान वेतनाच्या खालचा दर त्याच्या सहीनेही कायदेशीर होत नाही, आणि ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रारीसाठी शिवाजीनगरला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जाताना हजेरी कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स बरोबर असू द्या.