कानामागचं आरआयसी (रिसीव्हर-इन-कॅनॉल) श्रवणयंत्र: सात महिन्यांच्या वापरानंतर

यंत्राची मुख्य पेटी कानामागे आणि बारीक वायरच्या टोकाचा रिसीव्हर (छोटा स्पीकर) कानाच्या नळीत, अशी रचना. दोन्ही कानांना, ३१२ नंबरचे सेल. वापरणारी व्यक्ती ७४ वर्षांची. ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ १००० हर्ट्झपर्यंत बरी, पुढे घसरलेली. वापर जून ते डिसेंबर, म्हणजे अख्खा पावसाळा धरून.

वयोमानाच्या बधिरतेत आवाज येतो, शब्द कळत नाही. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असल्याने ते पोचतात. स, श, च, थ वरच्या पट्टीतले, ते गळतात. ‘सात’चं ‘आठ’ होतं. ओरडून उपयोग नाही, कारण आतला कान थकला की हळू आवाज येतच नाही आणि मोठा लगेच टोचतो. मशीनने हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी. हे जमणं चॅनेल (आवाजाचे वेगवेगळे जुळवता येणारे पट्टे) किती यापेक्षा सेटिंगवर ठरतं. कॉम्प्युटरने सुचवलेलं पहिलं सेटिंग वरच्या पट्टीत कमी पडलं. कानात पडद्याजवळ बारीक नळी सारून प्रत्यक्ष आवाज मोजला आणि दुरुस्ती केली, तेव्हा फरक जाणवला. घेण्याआधी दुकानात ही मोजणी होते का, एवढं विचाराच.

सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची सळसळ नको होते. पहिला आठवडा शांत खोलीत दोन-तीन तास, मग वाढवत दिवसभर. स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटत होता. रिसीव्हरच्या टोकावरची मऊ टोपी म्हणजे डोम; बंद डोम बदलून भोकांचा उघडा बसवला, प्रश्न सुटला. मात्र खालच्या पट्टीतही ऐकणं कमी असेल तर उघडा डोम पुरत नाही, शिट्टी वाजते. डोम नीट बसला नसेल, कानात मळ असेल किंवा डोक्यावरचा पदर मशीनला टेकला तरीही वाजते.

जुलैत उजवं मशीन बसल्यासारखं झालं. मशीन ठीक होतं, रिसीव्हरच्या टोकाची मळाची जाळी भरली होती. डोम काढायचा, सोबतच्या काडीच्या रिकाम्या टोकाने जुनी जाळी ओढायची, दुसऱ्या टोकाची नवी दाबून बसवायची. महिन्याला एकदा, मळ जास्त असेल तर पंधरवड्याला. टाचणी घालू नका, रिसीव्हर जातो. डोम कानात राहिला तर चिमट्याने उकरू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

ओलाव्याने खरखर सुरू होते. रात्री सेलचं दार उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवलं की बहुतेक वेळा सकाळी ठीक असतं. मण्यांचा रंग बदलला की ते बदला. हेअर ड्रायर नको. खोबरेल तेलाचा त्रास मात्र कोणी सांगत नाही: माइकची भोकं कानाच्या वरच्या बाजूला येतात, तेल तिथेच उतरतं. तेल लावण्याआधी मशीन काढा. ब्रशने साफ करताना भोकं खालच्या बाजूला येतील असं मशीन धरा.

सेलचा तपकिरी स्टिकर काढून तीन ते पाच मिनिटं थांबायचं, हवा आत गेली की बसवायचा. स्टिकर पुन्हा चिकटवून उपयोग नाही, सेल तसाही उतरत राहतो. दिवसाला बारा तास धरले तर साधारण आठवडा चालतो. गोळ्यांच्या डब्याशेजारी सेल कधीच ठेवू नका, गोळी समजून गिळला जाण्याची भीती असते.

लग्नाच्या हॉलमध्ये अपेक्षा कमीच ठेवा. माइक समोरचं पकडतो, म्हणून बोलणारा समोर आणि गोंगाट पाठीमागे येईल अशी खुर्ची धरा. अंतर दोन मीटरच्या आत. घरच्यांनी हळू, तोंड दिसेल असं बोललं तर निम्मं काम होतं.

श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. ६५ वर्षांपुढच्या पात्र नागरिकांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये एकदाच मिळतात. या जातीच्या मशीनला तो हातभारच.

पुन्हा घ्यायचं झालं तर ३१२ नको. थरथरत्या बोटांत तो सेल उलटा बसतो आणि दार मोडतं. १३ नंबरचं किंवा चार्जिंगचं घ्या.